नांगर, कुळव आणि कोयता : बिननांगरी शेतीच्या पूर्वेतिहासाचीं कांहीं साधनें

शेत न नांगरतां पेरणी करण्याची पद्धति गेल्या साठ वर्षांत जगाच्या पुष्कळ भागांत पसरली असून आपल्याकडेही तिचे पुरस्कर्ते निर्माण झाले आहेत. या पद्धतीविषयीं बोलतांना दोन परस्परविरुद्ध विधानें वारंवार कानीं पडतात. एक पक्ष म्हणतो, ही केवळ परदेशी कल्पना आहे. नांगर हा आपल्या शेतीचा प्राण असून तो सोडणें म्हणजे शेतीच सोडणें होय. दुसरा पक्ष म्हणतो, आपले पूर्वज मुळीं नांगरीतच नसत. नांगरटीचें वेड इंग्रजांनीं लाविलें. दोन्ही पक्ष इतिहासाचा हवाला देतात, परंतु कागद मात्र कोणीच पुढें करीत नाहीं. उपलब्ध साधनांवरून या वादाचा निर्णय कितपत करतां येतो हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय शेतकी खात्याचा, इतिहाससंशोधकांचा नव्हे, असें वाचकांपैकीं कांहींस वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या पुराव्यावर निर्णय अवलंबून आहे तो रुमालांतच आहे, आणि त्यांतील बराचसा भाग "किरकोळ" या सदराखालीं बांधून ठेवण्याचा आपला प्रघात आहे. म्हणून हा विषय येथेंच मांडणें आम्हांस उचित वाटलें.

प्रथम शब्दार्थ निश्चित केला पाहिजे. आज जिला संवर्धित शेती असें म्हणतात तिचीं तीन लक्षणें सांगितलीं जातात. माती शक्य तितकी कमी हलवावी. मागल्या पिकाचीं धसकटें, काड व पालापाचोळा रानांतच राहूं देऊन जमीन झांकलेली ठेवावी. आणि पिकांची फेरपालट करावी. हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे पाऊस जमिनींत मुरतो, मातीची धूप कमी होते व जमिनीचा कस टिकतो. नुसता नांगर शेतांत नेला नाहीं एवढ्यानें ही शेती सिद्ध होत नाहीं. ही कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

जुनीं साधनें चाळूं लागलें असतां पहिली अडचण अशी येते कीं, लिहिणाराची नजर सर्वत्र नांगरावर खिळलेली आहे. कृषिपराशर या संस्कृत ग्रंथांत नांगराचे आठ अवयव नांवनिशीं सांगितले आहेत. आठ बैलांचा नांगर तो धर्माचा, सहांचा व्यवहाराचा, चोहोंचा निर्दयांचा, आणि दोहोंचा तर त्याहूनही निंद्य, अशी प्रतवारीही लाविली आहे. शिवछत्रपतींनीं इ. स. १६७६ मध्यें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यांस पाठविलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. ज्या कुणब्यास माणूसबळ आहे परंतु बैल व दाणे नाहींत, त्यास बैलांकरितां रोख पैका द्यावा, पोटास दाणे द्यावे, आणि दिलेल्याची उगवणी त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू करावी, असा त्यांतील आशय आहे. राजाच्या रयतेविषयींच्या कळकळीचा पुरावा म्हणून हें पत्र नेहमीं पुढें केलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. शेत करणें म्हणजे औत धरणें, व औत धरणें म्हणजे पदरीं बैल असणें, हें सरकारी लेखणीनें गृहीतच धरलें आहे. पेशवाईंतील तगाईचे कागदही बहुधा बैल व बीं यांसाठींच असतात. ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत (१८८२) डोंगरी मुलखांतील आकारणीचे जुने प्रकार नमूद केले आहेत. त्यांत औतावर बसविलेली नांगरबंदी आहे, तशी कोयत्यावर बसविलेली कोयताबंदीही आहे. या दुसऱ्या शब्दाकडे आम्ही मागाहून परत येणार आहों. तूर्त एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, सरकार ज्यावर कर बसवितें तें कागदावर चढतें, व नांगर हा मोजावयास फार सोपा असल्यामुळें कागदांत तोच ठळकपणें उरला आहे. कागदावर नांगर आहे याचा अर्थ शेतांत दरसाल नांगर होता असा करतां येत नाहीं.

देशावरील काळ्या जमिनींत तर तो खास नव्हता. पेशवाई बुडाल्यानंतर लौकरच डॉक्टर थॉमस कोट्स यानें पुण्याच्या ईशान्येस असलेल्या लोणी गांवाचें वर्णन लिहिलें. तें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेंत १८२३ सालीं छापलें गेलें. गांवची जमीन, पिकें, अवजारें, कर्ज व घरखर्च यांची इतकी बारीक नोंद त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी गांवाविषयीं आमच्या पाहण्यांत नाहीं. हें लोणी म्हणजे लोणीकंद, डॉ. गो. स. घुर्ये यांनीं सव्वाशें वर्षांनंतर तेंच गांव पुन्हां पाहून १९६० सालीं स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. कोट्सच्या वर्णनास पुढील गॅझेटियरांतील शेतीचीं प्रकरणें (पुण्याचें १८८५ चें) जोडून वाचलीं म्हणजे चित्र स्पष्ट होतें. बाभळीचा जड नांगर, त्यास तीन किंवा चार जोड्या, आणि तो भारी काळींत दरसाल न चालवितां कांहीं वर्षांच्या अंतरानें चालवावयाचा, अशी वहिवाट होती. मधल्या वर्षीं सर्व मशागत कुळवाची. वऱ्हाड-नागपुराकडे याच अवजारास वखर म्हणतात, व तेथील कापसाच्या मुलखांत तर वखर हेंच मुख्य अवजार असून नांगराचें काम क्वचित् पडे.

कुळव पाहिलेला नाहीं असा वाचक आतां शहरांतून असणें शक्य आहे, म्हणून दोन शब्द लिहितों. एक आडवें दिंड, त्याच्या खालीं दोन जानवळीं, व त्या जानवळ्यांत बसविलेली लोखंडी फास, अशी त्याची साधी रचना असते. फास जमिनीखालीं दोन-तीन अंगुळें आडवी सरकते, तणाचीं मुळें कापते, वरची माती भुसभुशीत करते. परंतु खालची माती वर आणीत नाहीं. नांगर माती फोडतो व उलथतो, कुळव ती केवळ खरवडतो, हा या दोहोंतील मुख्य भेद होय. वरचा भुसभुशीत थर हा खालच्या ओलीवर घातलेल्या पांघरुणासारखा असतो. उन्हाळ्यांत व रब्बीच्या पेरणीपूर्वीं कुळवाच्या पाळ्या घालण्याचा हेतु हाच. शिवाय भारी काळी जमीन उन्हाळ्यांत हात हात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पाऊस पडला कीं जमीन फुगून भेगा मिटतात. म्हणजे ती जमीन आपली उलथापालथ पुष्कळशी आपणच करून घेते. हें शेतकऱ्यास कोणी सांगावें लागलें नाहीं.

नांगर वर्षानुवर्षें कां टाळीत, यास दुसरेंही कारण आहे व तें अधिक प्रापंचिक आहे. सहा-आठ बैल एका घरीं क्वचितच असत. तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जोड्या एकत्र करून नांगरट करावयाची, व ज्याच्या शेतांत औतें आलीं त्यानें सर्वांस जेवूं घालावयाचें, ही इरजिकीची चाल त्यांतूनच आली. मोल्सवर्थच्या कोशांत (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) शेतीच्या अशा शब्दांचा जो सांठा आहे, तो आमच्या मतें कित्येक बखरींपेक्षां अधिक विश्वसनीय साधन आहे, बखरकार अतिशयोक्ति करतो, कोशकारास फाळ व फास यांत गल्लत करून चालत नाहीं. मग इतका खर्च सोसून नांगर मुळीं धरीतच कां? त्याचें उत्तर कुंदा आणि हराळी. या दोन गवतांचीं मुळें इतकीं खोल जातात कीं कुळवाची फास त्यांच्या डोक्यावरून जाते. हळूहळू रान कुंद्यानें भरलें म्हणजे मोठा नांगर जुंपावयाचा, नाहींतर मजूर लावून कुदळींनीं रान खणून काढावयाचें. एवंच, नांगर हा दरसालच्या मशागतीचें साधन नसून तणाविरुद्ध कांहीं वर्षांनीं काढावयाची मोहीम होती. बिननांगरी शेतीचा इतिहास हा बव्हंशीं तणाचा इतिहास आहे, हें जो विसरला त्यास पुढील कोणतीच गोष्ट नीट उमगणार नाहीं.

पाभरीचाही येथें उल्लेख केला पाहिजे. चाड्यांत मूठ सोडली कीं बीं नळ्यांतून फणाच्या मागें पडतें व ओलीवर नेमकें बसतें. आजची बिननांगरी पेरणीयंत्रें याच तत्त्वावर चालतात; जमिनींत अरुंद चीर पाडून तींत बीं सोडावयाचें, बाकी जमीन तशीच ठेवावयाची. इंग्लंडांत जेथ्रो टल यानें पेरणीयंत्राचा पुरस्कार केला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत (त्याचा ग्रंथ १७३१–३३ चा), आणि त्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅल्कॉट यानें मद्रासकडील देशी पाभर पाहून तिची माहिती विलायतेस कळविली, तेव्हां असें यंत्र हिंदुस्थानांत पूर्वापार चालत आलें आहे याचें तेथें नवल वाटलें. मौज अशी कीं, टल हा स्वतः माती कुटून बारीक करण्याचा अट्टल कैवारी होता. वनस्पति मातीचे सूक्ष्म कणच खातात, तेव्हां जितकी मशागत अधिक तितकें अन्न अधिक, असें त्याचें मत. पेरणीयंत्र व अतिमशागत हीं दोन्ही एकाच पुरुषानें पुरस्कारिलीं आणि युरोपनें दोन्ही उचललीं.

येथवर वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक, म्हणजे पूर्वज नांगरीत नसत असें म्हणणारे, संतुष्ट होतील. त्यांस आम्ही वर दिलेल्या कसोटीकडे वळवितों. माती कमी हलविणें हें पहिलें लक्षण कुळवाच्या शेतींत अर्धेंच भरतें. माती उलथली जात नाहीं हें खरें, परंतु पाळ्यांवर पाळ्या पडत असल्यामुळें वरचा थर वारंवार हालतो. तिसरें लक्षण पूर्णपणें भरतें. जोंधळ्यांत व बाजरींत तुरीच्या ओळी, खरिपांत मूग-मटकी-हुलगा, आणि बिवड या एका शब्दांत सांठविलेलें मागल्या-पुढल्या पिकाचें ज्ञान, हें सर्व येथलेंच आहे. परंतु दुसरें लक्षण मुळींच नाहीं. कडबा जनावरांस जाई, धसकटें वेंचून चुलीस जात, शेण थापून गोंवऱ्या होत. ऐन मृगांत पहिल्या वळवाच्या मोठ्या सरी येत तेव्हां रान उघडें व भुसभुशीत असे. या शेतीनें ओल राखली, परंतु माती राखली नाहीं. ती राखण्याचें काम ताली, बांध व ओढ्यांतील पौळी यांवर सोंपविलें होतें, आणि जेथें ताल फुटली तेथें पिढ्यांची माती भीमेच्या पुरांत गेली. तेव्हां आपल्या पूर्वजांची शेती ही अल्प मशागतीची होती असें म्हणण्यास आधार आहे. ती आजच्या अर्थानें संवर्धित शेती होती असें म्हणण्यास नाहीं.

इंग्रजांनीं नांगराचें वेड लाविलें, या विधानाचीही अशीच छाननी केली पाहिजे. भारतमंत्र्यांनीं पाठविलेला रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएलकर हा १८८९ च्या अखेरीस येथें आला, एक वर्षाहून अधिक काळ देशभर हिंडला व १८९३ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें देशी शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याचें साफ नाकारलें आहे, व विलायती जड नांगर सरसकट आणण्याविरुद्ध इशारा दिला आहे. थंड व ओल्या देशांत माती खोल उलथून वाळविणें लाभाचें असतें. जेथें ओल टिकविणें हाच मुख्य प्रश्न तेथें तोच उपाय अपाय होतो, असा त्याचा रोख आहे. शेणाच्या गोंवऱ्यांविषयींही, शेतकऱ्यास दुसरें सर्पण मिळालें तर तो शेण जाळणार नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. तेव्हां वेड लाविलें तें सर्व इंग्रजांनीं असें नव्हे; त्यांच्यांतील एका जाणत्या मनुष्यानें तें लागूं नये म्हणून लिहून ठेविलें होतें.

लोखंडी नांगर घरोघर नेला तो मराठी माणसानें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ च्या सुमारास आपला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीमुळें पहिले कांहीं नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. पुढें १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेंत किर्लोस्करवाडी वसली, व तेथून हा नांगर देशभर गेला. पहिल्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, अशी हकीकत किर्लोस्करांच्या चरित्रकथांतून सांगितली जाते. आमच्या वाचकांपैकीं जे तोफांवरील लेख जमवितात त्यांनीं या हकीकतीकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें आम्ही त्यांच्यावरच सोंपवितों. लोखंडी नांगराचा शेतकऱ्यास फायदा नव्हता असें म्हणणें अन्यायाचें होईल. कुंद्याचा बंदोबस्त चार जोड्यांऐवजीं दोहोंत होऊं लागला, ही त्यास मोठीच गोष्ट होती.

ज्यास मुंबईची कोरडवाहू पद्धति म्हणत ती याच सुमाराची. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनीं दख्खनच्या दोन गांवांची पाहणी १९१७ व १९२१ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं दुसऱ्या, जातेगांव बुद्रुकच्या पाहणींत त्यांचे सहकारी श्री. कानिटकर हे होते. कानिटकरांनीं मांजरीस व नंतर सोलापुरास पर्जन्य, ओल व धूप यांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले, व त्यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ सालीं निघाला. या पद्धतींत बांधबंदिस्ती, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांबरोबर खोल नांगरट सांगितली आहे, परंतु ती तीन वर्षांतून एकदां. म्हणजे जुन्या वहिवाटीचें अंतरच शास्त्रानें ठरवून दिलें. बांधबंदिस्तीस १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्यानें बळ आलें. दरसालच्या नांगरटीचा प्रसार झाला तो यानंतर, ट्रॅक्टर भाड्यानें मिळूं लागल्यावर. इरजिकीचें जेवण व चार जोड्यांची जुळवाजुळव हा जो अडसर होता तो नाहींसा झाला, तेव्हां नांगर टाळण्याचें कारणही उरलें नाहीं.

याच्या नेमकें उलट वारें त्या वेळीं अमेरिकेंत वाहूं लागलें होतें. तेथील मध्यभागांतील गवताळ मैदानें नांगरांनीं व ट्रॅक्टरांनीं थोड्याच वर्षांत उलथून टाकलीं गेलीं, अवर्षण आलें, आणि १९३४–३५ सालीं मातीचीं वादळें पूर्वकिनाऱ्यापर्यंत पोंचलीं. १९३५ सालीं तेथें मृत्संधारणाचें स्वतंत्र खातें निघालें. १९४३ सालीं एडवर्ड फॉकनर यानें नांगर वापरण्यास शास्त्रीय कारणच नाहीं असें प्रतिपादणारें पुस्तक लिहून मोठी खळबळ उडविली. परंतु खळबळ झाली तरी शेतें नांगरलीं जातच राहिलीं, कारण तणाचें काय करावयाचें यास फॉकनरपाशीं पुरेसें उत्तर नव्हतें. तें उत्तर १९६२ सालीं मिळालें. त्या वर्षीं पॅराक्वाट हें तणनाशक बाजारांत आलें, व त्याच वर्षीं केंटकी प्रांतांत हॅरी यंग नांवाच्या शेतकऱ्यानें न नांगरतां मका पेरला. ब्राझील देशांत हर्बर्ट बार्त्झ यानें १९७२ सालीं तोच मार्ग धरला, आणि दक्षिण अमेरिकेंत तो सर्वांत अधिक फोफावला. कुंदा-हराळीविषयीं वर जें लिहिलें तें येथें आठवावें. नांगराची जागा घ्यावयास कांहींतरी लागतेंच. देशावर तें अर्धेंमुर्धें काम फाशीनें केलें, केंटकींत तें औषधानें केलें. तें औषध नसतें तर ही पद्धति एवढी पसरली नसती, व त्याचे दुष्परिणामही तिच्यापासून वेगळे काढतां येत नाहींत. पुरस्कर्ते ही बाजू हलक्या आवाजांत सांगतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

महाराष्ट्रांत या नव्या पद्धतीचें ठळक उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यांतील नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं रूढ केलेलें सगुणा भात तंत्र होय. चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. एकदां केलेले गादीवाफे कायम ठेवून त्यांवर भात टोकावयाचें, कापणीनंतर मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं, आणि पुढलें पीक न नांगरतां त्याच वाफ्यावर घ्यावयाचें. तणनाशक येथेंही आहे. भाताच्या मुलखांत चिखलणी सोडणें हें धाडस किती मोठें, हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. आणि योगायोग असा कीं, हें तंत्र ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं निघालें, तेथल्याच उतारांवर नांगराचा खरोखर स्पर्श नसलेली शेती पूर्वीं होत असे. कोयताबंदीचा कर होता तो तिच्यावर.

ही शेती म्हणजे दळी. दक्षिणेकडे हिला कुमरी म्हणत. डोंगरउतारावर झाडांच्या फांद्या व झुडपें कोयत्यानें छाटावयाचीं, वाळल्यावर जाळावयाचीं, आणि पावसाळ्याच्या तोंडीं राखेंत नाचणी किंवा वरी पेरावयाची. दोन-तीन वर्षांनीं ती जागा सोडून दुसरीकडे जावयाचें, व पहिल्या जागेवर रान पुन्हां वाढूं द्यावयाचें. कातकरी, ठाकूर यांचा चरितार्थ पुष्कळ ठिकाणीं यावर चाले. तणाचा बंदोबस्त येथें अग्नि करतो, कस राखेंतून येतो, आणि उतारावर नांगराची ओरखड नसल्यामुळें जुनीं मुळें माती धरून ठेवतात. भातखाचरांतील राबाशीं याची गल्लत करूं नये. राब ही रोपासाठीं जागा भाजण्याची रीत असून तेथें पुढें औत चालतेंच. दळीस दोष नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. विसांव्याचीं वर्षें कमी झालीं कीं डोंगर उघडे पडतात, व लोकवस्ती वाढल्यावर तसें झालेंही. परंतु वर दिलेल्या कसोटीचें पहिलें लक्षण, माती न हलविणें, पूर्णपणें पाळणारी आपल्याकडील जुनी शेती हीच एक.

जुन्या मध्यप्रांतांत, ज्याची राजधानी नागपूर होती, मंडल्याचे बैगा लोक हीच शेती बेवर या नांवानें करीत. त्यांची समजूत अशी कीं, धरती ही माता असून नांगरानें तिचें ऊर फाडणें हें पाप होय. मूळपुरुष नंगा बैगा यास तशी आज्ञाच झाली होती. व्हेरिअर एल्विन यानें १९३९ सालीं बैगांवर लिहिलेल्या ग्रंथांत हें सविस्तर दिलें आहे. जंगलखात्यास बेवर म्हणजे इमारती लांकडाचा नाश वाटला. बैगांस सक्तीनें नांगर धरावयास लावण्याचे प्रयत्न झाले, आणि अखेर १८९० सालीं सुमारें २४ हजार एकरांचा एक टापू, बैगा चक, तेवढा त्यांस मोकळा ठेवण्यांत आला. १८७८ च्या जंगल कायद्यानें फिरती शेती हा हक्क न मानतां सरकारी मर्जीची सवलत मानली होती. जेथें नांगर नाहीं तेथें शेती नाहीं, व जेथें शेती नाहीं तेथें शेतकऱ्याचा हक्क नाहीं, असें हें अनुमान होतें. शिवछत्रपतींच्या पत्रांत जें समीकरण रयतेच्या हिताचें साधन होतें, तेंच येथें रयतेवर उलटलें.

ही गोष्ट केवळ जुनी राहिलेली नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांतील जुन्या कसवणुकीस मान्यता मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासी असतील तर त्यांस १३ डिसेंबर २००५ पूर्वींची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. म्हणजे हिशेब १९३० पर्यंत मागें जातो. पुरावा म्हणून कोणते कागद चालतील तें त्या कायद्याच्या नियमांत सांगितलें आहे. त्यांत गॅझेटियरें, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांबरोबर जुन्या संस्थानांनीं दिलेल्या हक्कांच्या व सवलतींच्या नोंदीही आहेत. नांगरलेल्या शेतास बांध असतो, ताल असते, सातबाऱ्यावर नांव असतें. दळीच्या जागेवर तीस वर्षांनीं झाडेंच दिसतात. अशा शेतकऱ्याजवळ कागदाशिवाय दुसरी खूणच नसते, आणि तो कागद बहुधा त्याच्या घरीं नसून संस्थानी कारकुनाच्या वंशजाच्या माळ्यावर किंवा आमच्या-आपल्यासारख्यांच्या रुमालांत असतो.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं जव्हार, सावंतवाडी, जंजिरा, भोर या संस्थानांचीं फुटकळ दप्तरें आहेत, त्यांनीं कोयताबंदी, दळी, कुमरी, वरकस, कुदळी हे शब्द ज्या कागदांत येतात ते वेगळे काढून, गांवाचें नांव, साल व कुळांचीं नांवें यांसह त्यांच्या नकला कराव्या. मूळ कागदाच्या पाठीवरील शेरे सोडूं नयेत. सवलत कोणत्या डोंगरास होती हें पुष्कळदां तेथेंच लिहिलेलें असतें. देशावरील संग्राहकांस आमची विनंति निराळी आहे. इनामदार-देशमुखांच्या खासगी जमाखर्चाच्या वह्या तारखा व मोठीं नांवें सांपडत नाहींत म्हणून आपण बाजूस टाकतों. त्यांत कुंदा खणाई, इरजिकीचा शिधा, कुळवाच्या फाशीस लोखंड, सुताराचें बलुतें, ताल बांधणाई अशा बाबी कोणत्या सालीं कोणत्या शेतास लागल्या हें पाहावें. एकाच शेताची वीस-पंचवीस वर्षांची अशी नोंद सलग मिळाली, तर नांगर किती वर्षांनीं धरीत याचा आंकडा गॅझेटियरकारांच्या सर्वसाधारण विधानावर विसंबून न राहतां काढतां येईल. पेशवे दप्तरांतून सरदेसाई यांनीं पंचेचाळीस भाग निवडून छापले (१९३०–३४), त्यांत राजकारण मुख्य होतें व तें त्या वेळीं साहजिकच होतें. शेतखर्चाच्या वह्या त्या निवडींत येणें शक्य नव्हतें. त्या अद्याप बहुतेक बांधलेल्याच आहेत.